भिंत उचलण्याआधी

फुमिए आणि हिदेओ हे जपानी नवरा-बायको देवजीच्या घरी उतरले, तेव्हा डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्ट्यात जमीन हलायला लागून तीन महिने होत आले होते. २०१८च्या नोव्हेंबरात पहिले धक्के बसले. मग दिवसातून दोनदा-तीनदा बसू लागले. जमिनीतून आधी आवाज यायचा, दूर कुठेतरी सुरुंग लावल्यासारखा, आणि मग मडकी एकमेकांवर वाजायची. लोकांनी घरात झोपणं सोडलं. सरकारने तंबू दिले, ज्यांना ते पुरले नाहीत त्यांनी शेतात प्लास्टिक ताणलं.

देवजीने मुलीला सांगितलं होतं, "योगिता, त्यांना लिही, या वर्षी येऊ नका."

योगिता एकवीस वर्षांची. तलासरीच्या आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली, पाड्यावर इंग्रजी वाचता येणारी ती एकटी. तिने टेकडीवर, जिथे मोबाइलला रेंज येते तिथे जाऊन मेल पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आम्ही कोबेचे आहोत, आम्हाला भूकंपाची सवय आहे, काळजी करू नका.

आदल्या वर्षी फुमिएची भाची योगिताच्या आईकडे, बायजीकडे, वारली चित्रं काढायला शिकायला येऊन राहिली होती. तिनेच मावशीला हा पत्ता दिला. हिदेओने छत्तीस वर्षं शहराची बस चालवली होती आणि आयुष्यात कधी देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर बायकोने त्याला तीन आठवड्यांच्या सुट्टीवर काढलं. आठवडाभर झाई-बोर्डीला समुद्रावर राहून ते इकडे पाड्यावर आले.

बोलण्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला, म्हणजे कुणी फारसं बोलायचंच नाही असं ठरल्यासारखं झालं. हिदेओ सकाळी उठून झाडू घ्यायचा आणि अंगण झाडायचा. बायजीला लाज वाटायची, ती झाडू लपवून ठेवायची, तो शोधून काढायचा. देवजीला तो आदराने देवजीसान म्हणायचा. पाड्यावरच्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्यांना राहायला दिली होती ती विटांची खोली. देवजीने तीन वर्षांपूर्वी पाहुण्यांसाठी म्हणून मूळ घराच्या मागे ती बांधली होती. घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं. कुणी बाहेरचा माणूस आला की देवजीला त्या कुडाची लाज वाटायची. म्हणून त्याने पक्की खोली बांधली. बाजूला संडास आणि मोरी, वर सिमेंटचे पत्रे, मागची भिंत पुरुषभर उंचीच्याही वर गेलेली. खांब नव्हते, भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टाही नव्हता. गवंड्याने लागत नाही म्हणून सांगितलं होतं. रात्री सगळ्यांसारखे पाहुणेही अंगणातल्या तंबूत झोपत. दिवसा आंघोळ आणि दुपारची झोप तेवढी खोलीत.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बायजी आणि योगिता बाजाराला निघाल्या, तेव्हा फुमिएही बरोबर निघाली. हिदेओचं पोट बिघडलं होतं. तो म्हणाला, मी पडून राहतो. देवजी ओढ्यापलीकडच्या शेतात वालाच्या शेंगा तोडायला गेला. पाड्यावरचे बाकीचे कामावर गेले, कुणी चिकूच्या वाडीत, कुणी वीटभट्टीवर.

बाजारात वरोरच्या कोळणी सुकट आणि बोंबील मांडून बसल्या होत्या. फुमिए त्यांच्यासमोर उकिडवी बसली, एकेक बोंबील नाकाशी नेऊन वास घेत होती आणि मान डोलवत होती. कोळीण योगिताला म्हणाली, "हिला कळतं गं."

तेवढ्यात धक्का बसला. रोजच्यासारखा नव्हता. सुकटीच्या टोपल्या सरकल्या, वर बांधलेलं प्लास्टिक फडफडलं, दुकानातली माणसं रस्त्यावर धावली. दहाला दहा मिनिटं कमी होती. योगिताने मोबाइलमध्ये पाहिलं होतं, म्हणून तिला ती वेळ पुढे कायम लक्षात राहिली.

फुमिए उठली आणि म्हणाली, "गो होम."

घरी जायला जीप हवी, आणि जीप भरल्याशिवाय निघत नाही. त्यात रस्त्यावर एके ठिकाणी दरड आली होती. फुमिए सबंध वेळ पुढच्या सीटची दांडी धरून बसली होती. बायजीने तिला शेंगदाणे देऊ केले, ते तिने घेतले आणि तसेच मुठीत ठेवले.

त्या पाड्यावर पोचल्या तेव्हा साडेबारा झाले होते. समोरून घर जसंच्या तसं उभं होतं. चार कौलं सरकली होती, इतकंच. बायजी म्हणाली, "काय झालं नाय." फुमिए थांबली नाही. ती घराला वळसा घालून मागे गेली आणि तिथून तिची हाक ऐकू आली, नवऱ्याच्या नावाची, एकदाच.

विटांच्या खोलीची मागची भिंत आत पडली होती. पत्रे तिरके होऊन अडकले होते, त्यांच्यामुळे हिदेओचं डोकं आणि छाती वाचली होती. मांड्यांपासून खाली मात्र भिंतीचा सबंध तुकडा त्याच्या पायांवर होता. तो शुद्धीवर होता. त्याचे ओठ विटेच्या धुळीने लाल झाले होते. हाका मारून मारून त्याचा आवाज बसला होता. बायकोला पाहून तो हसला आणि काहीतरी बोलला. ते काय होतं ते योगिताला नंतर कळलं. तो म्हणाला होता, बाजार कसा होता?

बायजी ओरडत ओढ्याकडे धावली. देवजी आला, त्याच्या मागून त्याचा भाऊ लहान्या आला, वीटभट्टीवरून जेवायला आलेले आणखी चार जण आले. लहान्याच्या हातात पहार होती. तोवर फुमिएने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाणी पाजलं होतं, अर्धी कळशी, घोट घोट. तो नको म्हणायचा, ती पुन्हा पाजायची.

पुरुष भिंतीला हात घालायला पुढे झाले तशी ती उठली आणि त्यांच्या आडवी उभी राहिली. दोन्ही हात पसरून.

"नो," ती म्हणाली. "नो लिफ्ट. डॉक्टर फर्स्ट." मग योगिताकडे वळून तिने कोपराच्या आतल्या बाजूला बोट टोचून दाखवलं. "वॉटर हिअर. फर्स्ट वॉटर. देन लिफ्ट. प्लीज."

"काय म्हणते?" लहान्याने विचारलं.

"म्हणते आधी डॉक्टर बोलवा. सलाईन लावा, मग भिंत उचला."

"भिंतीखालच्या माणसाला सलाईन?" लहान्या म्हणाला. "बाई घाबरलीय. बाजूला घे तिला."

"काका, ती सांगतेय तर..."

"डॉक्टर इथे यायला दोन तास. तोवर माणूस असाच ठेवायचा?"

योगिताच्या हातात मोबाइल होता. त्यातलं भाषांतराचं यंत्र इथे चालत नव्हतं, रेंज टेकडीवर. फुमिए आता जपानीत बोलत होती, भरभर, एकेकाच्या तोंडाकडे बघून, आणि मध्येच तेच दोन शब्द, नो लिफ्ट, नो लिफ्ट. हिदेओ खालून काहीतरी म्हणत होता. त्याचा स्वर बायकोची समजूत काढल्यासारखा होता.

देवजीने मुलीकडे पाहिलं. "तू सांग. तुला कळतं तिचं. उचलू का नको?"

तेव्हा जमीन पुन्हा हलली. लहानसाच धक्का, रोजचा. पण बाजूच्या उभ्या भिंतीतून माती सांडली आणि दोन विटा निसटून हिदेओच्या खांद्यापासून हातभर अंतरावर पडल्या. सगळे मागे सरले. फुमिए सरली नाही.

"उचल," योगिता म्हणाली. "उचल, बाबा."

तिने फुमिएला कमरेला धरून मागे ओढलं. बाई लहानखुरी होती, पण योगिताला सगळी ताकद लावावी लागली. लहान्याने पहार घातली, पाच जणांनी मिळून भिंत एका बाजूने उचलली आणि देवजीने हिदेओच्या काखेत हात घालून त्याला बाहेर काढलं.

पाय मोडलेले दिसत नव्हते. रक्तही फारसं नव्हतं. मांड्यांवर वळ होते आणि खाली पाय गार, पांढरे, आंघोळीत फार वेळ राहिल्यासारखे. हिदेओने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग देवजीकडे पाहिलं आणि हात जोडले. "चाय," तो म्हणाला. हा शब्द त्याला येत होता.

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. लहान्या हसला. कुणीतरी म्हणालं, "वाचला म्हातारा." बायजी चुलीकडे धावली. देवजी तिथेच विटांवर बसला आणि डोक्याला हात लावून म्हणाला, "मी शेतातून बघितलं होतं. धक्का बसला तेव्हा उठून बघितलं. घर उभं दिसलं म्हणून आलो नाय."

शेतातून घराची पुढची बाजू दिसायची. खोली मागे होती.

 फुमिएने मात्र बायजीची दोरीवर वाळत घातलेली लुगडी ओढली आणि नवऱ्याच्या दोन्ही मांड्या वरच्या बाजूला करकचून बांधल्या. मग त्याला पुन्हा पाणी पाजलं. योगिता टेकडीवर पळाली. अँब्युलन्सला फोन लागला, पण ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन निघाली होती. म्हणून तिने खालच्या पाड्यावरच्या नवीनला त्याची जीप घेऊन बोलावलं.

सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत पावणेतीन झाले. वाटेत हिदेओ खिडकीबाहेर बघत होता. एका वळणावर त्याने नवीनच्या पाठीवर थोपटलं आणि अंगठा वर केला. चालवणं आवडलं असावं. त्यानंतर थोड्या वेळाने त्याला उलटी झाली.

ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती. तिने पाय पाहिले, नाडी पाहिली, आणि योगिताला विचारलं, "किती वेळ अडकले होते?"

"तीन तास तरी."

"बाहेर काढायच्या आधी काही दिलं होतं? सलाईन वगैरे?"

"नाही."

 डॉक्टरने हिदेओच्या दोन्ही हातांना सलाईन लावलं, छातीला वायरी लावून कागदावर रेघा काढल्या, त्या बघून एक इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने दुसरं. लघवीची नळी घातली. पिशवीत उतरलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. फुमिएने ती पिशवी पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

डॉक्टरने योगिताला दाराबाहेर नेलं. "पाय दबून राहिले की आतलं मांस मरतं. त्याचं विष तिथेच थांबलेलं असतं. वजन काढलं की ते रक्तात येतं, किडनीवर, हृदयावर. मी हे पुस्तकात वाचलंय, पेशंट पहिल्यांदाच बघतेय. डायलिसिस लागेल, तेही लगेच. गुजरातेत हलवूया, तेच जवळ पडेल."

"आधी सलाईन लावलं असतं तर?"

"कदाचित," डॉक्टर म्हणाली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "हे कुणाला माहीत नसतं गं."

चार वाजता अँब्युलन्स मिळाली. फुमिए आणि योगिता आत बसल्या, डॉक्टरने एक नर्स बरोबर दिली. हायवेवर कंटेनरांची रांग लागली होती. हिदेओ आता दमला होता. त्याने बायकोचा हात धरला होता आणि अधूनमधून एखादा शब्द बोलत होता. अच्छाडचा नाका यायच्या जरा आधी तो बोलायचा थांबला. छातीला जोडलेल्या यंत्रावरची रेघ आधी रुंद झाली, मग वेडीवाकडी, मग सरळ. नर्सने ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि हिदेओच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. अर्धा तास ती दाब देत होती. तिच्या कपाळावरून घाम त्याच्या शर्टवर पडत होता. बाजूने ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकने गाडी हलत होती.

नर्स थांबली तेव्हा फुमिएने तिचे दोन्ही हात धरले आणि वाकून काहीतरी म्हटलं. आभार मानत असावी.

अँब्युलन्स तिथूनच मागे वळली. परदेशी माणूस, अपघाती मृत्यू, म्हणून पोलीस आले, पंचनामा झाला, शवविच्छेदन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं.

सकाळी शवविच्छेदनाच्या खोलीसमोर बाकड्यावर दोघी बसल्या होत्या. देवजी जरा लांब, झाडाखाली उभा होता, जवळ यायला तयार नव्हता. बायजीने डब्यात पेज दिली होती. फुमिएने ती चार चमचे खाल्ली. मग तिने मोबाइल काढला. इथे रेंज चांगली होती. ती बराच वेळ लिहीत राहिली आणि मोबाइल योगिताच्या हातात दिला. यंत्राने केलेलं मराठी विचित्र होतं, सगळीकडे आपण आणि कृपया, पण कळत होतं.

चोवीस वर्षांपूर्वी कोबेत मोठा भूकंप झाला. माझी धाकटी बहीण घराखाली अडकली. सात तास. शेजाऱ्यांनी आणि मी मिळून तिला काढलं. तिचे हात मी ओढले. ती ठीक होती. तिने चहा मागितला. भूक लागली म्हणाली. संध्याकाळी ती वारली. असे पुष्कळ लोक वारले. नंतर डॉक्टरांनी टीव्हीवर सांगितलं, का ते. आता कोबेत हे सगळ्यांना माहीत आहे.

योगिताने ते दोनदा वाचलं. लिहिताना अक्षरं चुकत होती. शेवटी तिने लिहिलं, 'मला तुमचं कळलं होतं. वडिलांनी मला विचारलं. मी उचल म्हणाले.'

फुमिएने ते वाचलं. मग मोबाइल बाजूला ठेवून तिने हळूच विचारलं, "उचल?" योगिताने मान हलवली आणि दोन्ही हातांनी खालून वर काही उचलल्यासारखं करून दाखवलं. फुमिएने तो शब्द स्वतःशी एकदा म्हटला. जवळून एक वॉर्डबॉय रिकामं स्ट्रेचर ढकलत गेला, त्याचं एक चाक करकरत होतं. तो आत जाईपर्यंत फुमिए त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पुन्हा मोबाइल घेतला.

भिंत पडत होती. मी पाहिलं. तुम्ही त्याला वाचवायला म्हणालात. मीही बहिणीला वाचवायलाच तिचे हात ओढले होते. मला अजून झोप येत नाही. तुम्हालाही येणार नाही. मी खोटं लिहीत नाही.

तिने योगिताचा हात धरला नाही, योगितानेही पुढे केला नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, आतून हाक येईपर्यंत.

दोन दिवसांनी मुंबईहून जपानच्या वाणिज्य दूतावासाचा माणूस आला. अंत्यसंस्कार मुंबईतच झाले. फुमिए सामान न्यायला एकदा पाड्यावर आली. बायजीने तिला घट्ट धरलं आणि मोठ्याने रडली. फुमिएने तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाहेर पडताना ती देवजीसमोर थांबली आणि कमरेत वाकली. देवजीला काय करावं कळेना. तोही वाकला, आणि ती गाडीत बसेपर्यंत वर झाला नाही.

मार्चमध्ये तहसीलदार कचेरीतून माणसं आली. भूकंपात काय करायचं, टेबलाखाली कसं बसायचं, हे त्यांनी शाळेच्या पटांगणात दाखवलं. योगिता उठली आणि म्हणाली, "आणि कुणी फार वेळ दबून राहिला असेल तर?" साहेब म्हणाले, त्वरित बाहेर काढा आणि दवाखान्यात न्या. तिने तिथेच उभं राहून सांगितलं, काय झालं ते, आणि आधी काय करायचं ते. पाणी पाजायचं, सलाईनवाला बोलवायचा, वरची उभी भिंत टेकू लावून धरायची. टेकूचं तिला नंतर सुचलं होतं, पुष्कळ नंतर. साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं. लहान्या मागे बसला होता, तो मध्येच उठून गेला.

त्यानंतर ती शेजारच्या पाड्यांवर जाऊन हेच सांगू लागली. काही ठिकाणी ऐकलं, काही ठिकाणी बायका म्हणाल्या, अगं, माणूस खाली असताना बघत बसायचं का?  योगिता पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

मे महिन्यात देवजीने विटांच्या खोलीच्या उरलेल्या भिंती पाडायला घेतल्या. योगिता विटा उचलून कडेला रचत होती.  चहाच्या वेळी देवजीने कुदळ खाली ठेवली.

"ती नको म्हणत होती ना?"

"हो."

"मला कळलं होतं," देवजी म्हणाला. "बाई हात पसरून आडवी उभी राहिली. ते कळायला भाषा लागते का? तरी मी तुला विचारलं. तू उचल म्हणावंस म्हणूनच विचारलं. नुसतं उभं राहवत नव्हतं मला."

योगिता हातातली वीट धरून उभी राहिली. तिला वाटलं, हे ऐकून काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. तिने वीट रचली आणि कळशीतलं पाणी बापाला दिलं. तो उभ्यानेच प्यायला, उरलेलं तोंडावर मारलं आणि पुन्हा कुदळ उचलली.